सातवी कणगी

बाई,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि तुमची सातवी कणगी अजून पडवीत उभी आहे. कच्चीच आहे. मातीच्या शेवटच्या दोन वळ्या तुम्ही खुर्चीवर उभं राहून चढवल्या होत्या आणि खुर्ची मी धरली होती. गळ्यापाशी तुमच्या अंगठ्याचे ठसे तसेच आहेत. तुम्हाला भेटायला आलेली माणसं तिच्या भोवतीच बसत होती, कारण ती चार माणसांनाही हलत नाही. कोणीतरी तिच्या काठावर टॉवेल वाळत घातला होता. तो मी काढून ठेवला.

तेराव्याचं आटोपल्यावर तुमच्या भावाने, नाशिकच्या विनायकरावांनी, मला बाजूला बोलावलं. आता घराला कुलूप लावून जायचं, तर याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. न भाजलेली माती, पावसाळ्यात पडवीत पाणी शिरलं की चिखल होणार. तेव्हा आत्ताच फोडून बाहेर टाकावी का? ते वाईटपणाने बोलत नव्हते. बहिणीच्या मागे राहिलेल्या वस्तूंचं काय करावं हे ज्याला समजत नाही, अशा माणसासारखे बोलत होते. मी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी एक गोष्ट कबूल करावी लागेल. ती मी तुम्हाला वीस वर्षांत सांगितली नाही.

तुम्ही आमच्या शाळेत चित्रकलेच्या बाई म्हणून आलात तेव्हा मी आठवीत होते, जव्हारच्या वसतिगृहात राहत होते. पहिल्याच तासाला तुम्ही वह्या मिटायला लावल्या आणि आम्हाला ओढ्यावर माती आणायला पाठवलं. आम्हाला ती शिक्षाच वाटली. माती तुडवायची, भिजवायची, घरं सारवायची, हे तर आमच्या घरी रोजचंच होतं. त्यासाठी गावाहून, साखरशेताहून, जव्हारला शिकायला कशाला यायचं? गणवेश मळले म्हणून मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि तुम्ही परत आलात त्या जुन्या साड्या फाडून केलेले एप्रन घेऊनच. महिन्याभरात अख्खं गाव तुम्हाला मातीवाल्या बाई म्हणायला लागलं. तुम्हीही दारावर तीच पाटी लावलीत.

तुम्ही घडवलेले कप गावभर वाटलेत, पण एका अटीवर. रोज वापरायचे. शोकेसमध्ये ठेवलेला दिसला तर परत घेईन, असं तुम्ही सांगायचात आणि खरंच घ्यायचात. मुख्याध्यापकांच्या घरी चहाला गेलात आणि काचेच्या कपाटातून त्यांच्या डोळ्यांदेखत दोन कप पिशवीत टाकून परत आलात. त्यांच्या मिसेसना ते फार लागलं. आठवड्याने त्या स्वतः आल्या, एक कप तरी द्या म्हणाल्या, त्यात विरजण लावते. तुम्ही त्यांना चार दिलेत.

पहिलं प्रदर्शन मी नववीत असताना झालं. गणपतीआधीचे दिवस होते, लावण्या उरकल्या होत्या. शाळेच्या हॉलमध्ये तीन लांब टेबलं मांडली होती. पहिल्यावर रोजच्या वापरातलं: माठ, पणत्या, भाकरीचं खापर, चिलीम, तुमचे कप आणि वाडगे. दुसऱ्यावर तुम्ही घडवलेली शिल्पं: पाठमोऱ्या बाया, वाकलेली झाडं, एक नुसताच कान. तिसरं टेबल कारखान्याचं होतं. विजेच्या खांबावरच्या पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या, मंगलोरी कौलं, सांडपाण्याचा पाइप, फरशा, विटा आणि कोरं करकरीत संडासाचं भांडं. मुख्याध्यापकांनी त्या भांड्यावर टेबलक्लॉथ टाकला. तुम्ही काढलात. त्यांनी परत टाकला. उद्घाटनाला आलेले साहेब फीत कापून आत आले तेव्हा टेबलक्लॉथ तुमच्या हातात होता. साहेबांनी हे इथे कशाला, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "साहेब, या हॉलमधलं सगळ्यात गरजेचं भांडं हेच आहे, आणि आमच्या शाळेत मुलींसाठी ते एकही नाही." दिवाळीनंतर शाळेत मुलींसाठी दोन संडास बांधले गेले. त्यातलं एक भांडं प्रदर्शनातलंच होतं.

त्या प्रदर्शनासाठी तुम्ही प्रत्येकाला घरून भाजलेल्या मातीची एक वस्तू आणायला सांगितली होती. मुलांनी कौलं आणली, पणत्या आणल्या, जामसरच्या एकाने आजोबांची चिलीम आणली. आमच्या घरी भाजलेल्या मातीच्या वस्तू दोनच होत्या, एक पाण्याचा माठ आणि एक वीट. ती वीट चुलीशेजारी असायची, तिच्यावर आई मिठाचा डबा ठेवायची. आईनेच पाडलेली होती. तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, नंतरही मी कळू दिलं नाही, की दिवाळी झाली की माझे आईवडील भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. चौथीपर्यंत मीही तिथेच असायचे. वसतिगृहात आल्यावर कोणी विचारलं तर मी सांगायचे, आमची भातशेती आहे. ते खोटं नव्हतं, पण निम्मंच होतं.

मी वीट आणली नाही. अधीक्षिकाबाईंकडून एक फुलाफुलांची कपबशी मागून घेतली आणि आमच्या घरची म्हणून पहिल्या टेबलावर ठेवली. तुम्ही ती हातात घेऊन उलटी करून पाहिलीत आणि मला शाबासकी दिलीत.

दुसरा दिवस बाजाराचा होता. बाजाराला आलेल्या बाया गर्दी पाहून हॉलमध्ये शिरल्या. पाहणं म्हणजे काय, ते त्या दिवशी तुम्ही पाहिलंत. आमच्याकडे माठ घ्यायचा तर कोणी नुसता बघून घेत नाही. बोटाच्या पेराने वाजवतात, कान लावतात, पुन्हा वाजवतात. त्या बायांनी सगळं प्रदर्शन तसं पाहिलं. माठ वाजवले, कप वाजवले, तुमच्या पाठमोऱ्या बाया वाजवल्या, तो एकटा कानसुद्धा वाजवला. एक म्हातारी संडासाचं भांडं वाजवून म्हणाली, हे मात्र खणखणीत हाय. मुख्याध्यापक हात लावू नका म्हणत मागे मागे फिरत होते आणि तुम्ही तोंडाला पदर लावून हसत होतात.

त्या बायांत माझी आई होती.

तिने दुसरं कुठलं टेबल पाहिलं नाही, सरळ तिसऱ्यापाशी आली. दोन विटा उचलल्या, एकमेकींवर हलकेच आपटल्या, एक खाली ठेवली, दुसरी कानाशी धरली. तुम्ही तिच्याजवळ गेलात. ती तुम्हाला म्हणाली, "बाय, ही गेलेली हाय. तडा हाय आत." तुम्ही वीट उजेडात धरून पाहिलीत. काही दिसत नव्हतं. तुम्ही शिपायाला हातोडी आणायला लावली. हलक्या ठोक्याने वीट उभी उकलली आणि आतली जुनी चीर दिसली, कडेला काळपट झालेली.

तुमचा चेहरा मला अजून आठवतो. तुम्ही तिला विचारलंत की हा तडा भट्टीत कसा जातो, का जातो. आईने सांगायला तोंड उघडलं. मी दहा पावलांवर होते, इस्त्रीच्या गणवेशात, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. आईने माझ्याकडे पाहिलं. आणि मी तोंड फिरवलं, बाई. पाण्याचा जग उचलला आणि बाहेर गेले.

आईला तेवढं पुरलं. ती तुम्हाला म्हणाली, मला काय ठावं, मी बाजाराला आले होते. नाव विचारलंत, ते न सांगताच गर्दीत निघून गेली.

त्यानंतरची वीस वर्षं ती बाई तुमच्याबरोबर होती. मोखाड्याच्या आश्रमशाळेत प्रदर्शन लागलं, नाशिकला लागलं, पुढे मुंबईच्या मोठ्या गॅलरीत लागलं, प्रत्येक ठिकाणी बोलताना तुम्ही तिच्यापासून सुरुवात करायचात. जव्हारच्या बाजाराला आलेल्या एका बाईने मला कानाने बघायला शिकवलं, असं तुम्ही म्हणायचात. तिचं नाव मला मिळालं नाही, याची मला लाज वाटते, असंही म्हणायचात. वस्तूंपुढची कार्डं माझ्या अक्षरात असायची, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी तुमच्याबरोबर असायचे, पहिल्या रांगेत बसून ऐकायचे. मुंबईत जिथे सगळ्या भिंतींवर 'हात लावू नये' अशा पाट्या होत्या, तिथे तुम्ही माझ्याकडून 'वाजवून पाहा' असं कार्ड लिहून घेतलंत. शहरातली माणसं अनोळखी घराचं दार वाजवावं तशी बिचकत एका बोटाने वाजवायची. तुम्ही त्यांचा हात धरून शिकवायचात. त्या दिवशी जे तुम्ही आईच्या हातात पाहिलं होतं, अगदी तसंच, पेराच्या मागच्या हाडाने.

तुम्ही मला विचारलंही होतं. "चंदा, तू तर हॉलमध्येच होतीस. तुला तिचा चेहरा आठवतो का गं?" मी नाही म्हणाले. मग तुम्ही कितीतरी बाजारांना हिंडलात, भाजी घेता घेता बायांना विचारायचात.

साखरशेताला तुम्ही दोनदा आलात. दोन्ही वेळा आई घरात नव्हती. तुम्ही येणार हे कळताच ती स्वतःच म्हणाली, मी शेतावर जाते, तुझा बापूस हाय घरी. मी तिला अडवलं नाही. माझ्या लग्नातही तिने स्वयंपाकाची बाजू धरली आणि तुमच्या समोर आली नाही. तुम्ही निघताना आईला माझा नमस्कार सांग म्हणालात. तोही मी तिला सांगितला नव्हता.

पहिल्या खेपेला आमच्या घरात तुम्हाला कणगी दिसली. भात साठवायची, बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाएवढी. तुम्ही वडिलांची परवानगी घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलात आणि तासभर उठला नाहीत. वडिलांना वाटलं, बाईंना बरं वाटत नसावं. जाताना एसटीत तुम्ही मला सांगितलंत की अशी कणगी मी नुसत्या मातीची घडवणार, इथल्याच मातीची, आणि भाजणार. पुढून बघितली तर कणगी आणि मागून बघितली तर पाठ वाकवून उभी असलेली बाई.

सहा घडवल्यात. कणगी उचलता येत नाही म्हणून पडवीतच तिच्याभोवती विटांची भट्टी रचायचात, वरची कौलं उतरवून. तुमच्या पडवीची एक बाजू दरीकडे उघडी. सहाही वेळा भट्टी उघडल्यावर त्या दरीकडच्या अंगाला तडा दिसला, कधी हातभर, कधी गळ्यापासून बुडापर्यंत. तुम्ही रडला नाहीत, चिडला नाहीत. पायरीवर बसायचात आणि म्हणायचात, चंदा, चहा टाक. चहा झाला की आपण दोघी मिळून ती फोडायचो, कुटायचो, चाळायचो आणि तो चुरा पुढच्या मातीत मिसळायचो. त्यामुळे सातव्या कणगीत आधीच्या सहाही आहेत. हे तुम्ही एवढ्या आनंदाने सांगायचात की ऐकणाऱ्याला तडा जाणं हा तुमच्या बेताचाच भाग वाटावा. पण मला माहीत होतं, तुम्हाला ती अखंड हवी होती. तुम्ही साध्या माणसांना कप दिलेत, शाळेला संडास दिलेत, माझ्यासारखीला कॉलेजचा फॉर्म स्वतः भरून देऊन पदवीपर्यंत नेलंत. स्वतःसाठी तुम्ही ही एकच गोष्ट मागितली होती.

दोष आगीचा आहे, असं तुमचं ठाम मत होतं. भट्टीत जाताना अखंड असते, बाहेर येताना तडा असतो, मग दुसरं काय? तुम्ही लाकूड बदललंत, जाळाची तोंडं बदललीत, दरीकडची भिंत जाड केलीत. आणि प्रत्येक वेळी म्हणायचात, ती बाई भेटली असती तर तिने सांगितलं असतं. शेवटच्या आठवड्यात, बोलताना दम लागत असतानाही, हे वाक्य तुम्ही एकदा म्हणालात. मी तुमची उशी नीट केली.

आपला तो विटेवरचा वाद तुम्हाला आठवत असेल. प्रत्येक प्रदर्शनाआधी मी हटून बसायचे की तिसऱ्या टेबलावरून विटा काढा. बी.ए. झाल्यावर तर माझ्याकडे शब्दही आले होते. माठाला उपयोग आहे आणि रूपही आहे, शिल्पाला आशय आहे, वीट नुसतं सामान आहे, असं मी म्हणायचे. तुम्ही प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचात, पुस्तकं काढून दाखवायचात, मला खोटं पाडायला तुम्हाला मजा यायची. माझी विद्यार्थिनी माझ्याशी भांडते, असं लोकांना अभिमानाने सांगायचात. बाई, मला कुठलाही मुद्दा मांडायचा नव्हता. मला फक्त त्या विटा डोळ्यांसमोर नको होत्या.

तर विनायकरावांकडून दोन दिवस मागून घेतल्यावर मी साखरशेताला गेले. आई अंगणात उडीद पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, आये, त्या दिवशी तू बाईंना काय सांगणार होतीस?

मला वाटलं होतं, तिला आठवणार नाही. ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "ती वीट व्हय? ती भट्टीत तडकलीच नव्हती. वाळताना गेली. भट्टीनं नुसतं दाखवलं."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिच्याबद्दल नाशिकला काय बोललं गेलं, मुंबईला टाळ्या कशा पडल्या, तुम्ही तिला किती बाजारांत शोधलंत. सहा कणग्यांचं सांगितलं. ती ऐकत होती आणि पाखडत होती. मला वाटलं, ती मला काहीतरी बोलेल, बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "तडा कोणत्या अंगाला जायचा?"

मी म्हणाले, दरीकडच्या.

"सहाही खेपेला?"

मी हो म्हणाले. तिने पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. "आणि तुला एवढं शिकून समजलं नाय? दरीवरनं वारा येतो. त्या अंगाची माती आधी आटते, मागची ओलीच ऱ्हाते. मंग ती ओढते एकमेकींना. डोळ्याला नाय दिसत, पण वाजवली तर कच्चीचा पण आवाज असतो."

भट्टीवर विटा वाळत घालताना हे लहान पोरांनाही सांगतात, असं ती म्हणाली. वारा सुटला की त्या बाजूने पेंढा लावायचा, गोणपाट ओलं करून टाकायचं. मी स्वतः पाच वर्षांची असताना तिथे गोणपाटं भिजवली होती, त्याचीही तिनेच मला आठवण करून दिली. मी ते विसरले होते. विसरायचं ठरवलं होतं.

नंतर ती जे बोलली ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते. "तू मला लपवलंस त्याचं मला काय नाय. मी पण लपलेच. तुझं शिक्षण चालू होतं. पण बायला सांगायचं होतंस. माझं नाव नसतं घेतलंस तरी चाललं असतं, एक चिठी लिहून टाकायची. एवढं चांगलं अक्षर कशाला हाय मंग?"

तुमची सहा वर्षांची, सहा कणग्यांची मेहनत एका वाक्याने वाचली असती आणि ते वाक्य आमच्या घरात होतं. पुस्तकं वाचून मी तुमच्याशी वाद घातला आणि जे मला घरातून मिळालं होतं तेवढं दिलं नाही. तुमची माफी मागण्यासाठी मी हे लिहीत नाही. तुम्ही असतात तर मला माफ केलंच नसतं, आधी आईला भेटायला धावला असतात आणि माझ्याशी आठवडाभर बोलला नसतात. तेच बरोबर झालं असतं.

आई म्हणाली, सातवी कुठं हाय?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी जव्हारला आलो. विनायकराव पडवीत सामान बांधत होते. त्यांनी आईकडे पाहिलं आणि मला विचारलं, या कोण?

मी म्हणाले, "ही माझी आई. हिने वीस वर्षं भट्टीवर विटा पाडल्या. बाई ज्या बाईला शोधत होत्या, ती हीच."

त्यांना अर्थातच ती गोष्ट माहीत होती, तुमच्या तोंडून कितीदा ऐकली असेल. त्यांनी हातातली सुतळी ठेवली आणि आईला बसायला खुर्ची पुढे केली. आई बसली नाही. चपला पायरीखाली काढून तिने सातव्या कणगीभोवती एक फेरी मारली. मग बुडापासून सुरुवात केली. पेराने एक ठोका, कान, थोडं वर, पुन्हा ठोका. शेजारच्या घरात मिक्सर चालू होता, तो बंद होईपर्यंत ती थांबली. दरीकडच्या अंगाला आल्यावर ती फार वेळ तिथेच होती. गळ्यापर्यंत हात पोचेना म्हणून तिने तीच खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढली. मी खुर्ची धरली.

उतरून ती म्हणाली, गेली नाय अजून. ओल हाय चोहीकडून सारखी. मग तिने पडवीच्या उघड्या बाजूकडे पाहिलं आणि विचारलं की ही ताडपत्री कोणी बांधली?

बाई, ती ताडपत्री तुमच्यासाठी आलेल्या माणसांसाठी होती. तुम्ही गेलात त्या सकाळी दरीवरून असा वारा सुटला होता की पडवीत कोणाला बसवेना. मंडपवाल्याने येऊन दरीकडची बाजू वरपासून खालपर्यंत बंद केली आणि कोणी ती सोडली नाही. तुम्ही असतात तर कधीच बांधू दिली नसती. पडवीतून दरी दिसलीच पाहिजे, तुमचा हट्ट होता. सहा कणग्या त्या उघड्या बाजूला तोंड करून वाळल्या. सातवी तुमच्या आजारपणात ओल्या फडक्यांत गुंडाळलेली होती आणि मग तुमच्या माणसांबरोबर आडोशाला बसून राहिली.

विनायकराव म्हणाले की मंडपवाला ताडपत्री परत मागतोय, आज सोडायला येणार आहे. आईने त्यांना सांगितलं की सोडू नका, मी आमच्या घरची आणते, पावसाळ्यात कुडाला लावतो ती, तोवर ही राहू द्या. किती दिवस, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, होळीपर्यंत तरी हात लावायचा नाय. विनायकरावांनी एकदा कणगीकडे पाहिलं. मग घराची किल्ली काढून आईच्या हातात दिली, माझ्या नाही. ते काल नाशिकला गेले.

तुमच्याशी आता खोटं बोलणार नाही. ती वाचेल की नाही, ते आईलाही माहीत नाही. अजून वाळायचं आहे, अजून भाजायचं आहे, आणि एवढं मोठं तिने कधी भाजलेलं नाही. मी घाई केली की ती मला ओरडते. प्रदर्शनाचं काय, कार्डावर काय लिहायचं, हेही मी विचारलं होतं. आधी होऊ तर दे, म्हणाली.

आज सकाळी कचेरीत जाताना मी पडवीत डोकावले. शेजारच्या दोघी आईशी बोलत उभ्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, मावशी, तुम्ही बाईंच्या कोण लागता? मी फाटकाशीच थांबले. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोण नाय," ती म्हणाली. "बोलणं ऱ्हायलं होतं आमचं, ते पुरं करते."

आणि बादली उचलून ती दरीकडच्या अंगाचं गोणपाट भिजवायला गेली.